पहाऱ्यावरील माणसाची विश्रांती : कारागृह सुरक्षेचा दुर्लक्षित पैलू

कारागृह म्हटले की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढे उंच दगडी तट, लोखंडी दरवाजे, भक्कम कुलुपे आणि टेहळणीचे मनोरे उभे राहतात. तट उंच आणि कुलूप मजबूत म्हणजे कारागृह सुरक्षित, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तट पाहू शकत नाही आणि कुलूप विचार करू शकत नाही. बराकीतील नेहमीची कुजबुज आज एकाएकी का थांबली, एखादा बंदी दोन दिवस जेवणाचे ताट तसेच का परत पाठवीत आहे, सायंकाळच्या मोजणीत एक आकडा कमी का येतो, हे ओळखणारा असतो तो पहाऱ्यावरील माणूस. तो जागा, सावध आणि शांत असेल तरच बाकीची सारी व्यवस्था उपयोगी पडते. त्याचे डोळे जड झाले असतील आणि मन त्रासलेले असेल, तर पहिला धोका त्याच्या स्वतःच्या जिवाला असतो. त्यापाठोपाठ त्याच्या सहकाऱ्यांना आणि त्याच्या स्वाधीन असलेल्या बंद्यांनाही तो पोहोचतो. म्हणूनच कारागृह कर्मचाऱ्यांचा थकवा आणि मानसिक ताण हा केवळ त्यांच्या सोयीसवलतींचा प्रश्न नसून सुरक्षेचाच एक प्रश्न आहे. त्याचे स्वरूप समजावून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कामाचे वेगळेपण

कारागृहातील दिवस पहाटेच्या मोजणीने सुरू होतो. बराकी उघडणे, न्याहारी आणि जेवणाचे वाटप, न्यायालयात जाणाऱ्या बंद्यांना पोलिसांच्या स्वाधीन करणे, नातेवाइकांच्या मुलाखती, आजाऱ्यांना रुग्णालयात पाठविणे, कारखान्यातील कामावर देखरेख, अंगझडती आणि बराकींची झडती अशी कामे एकामागून एक चालू असतात. सायंकाळी पुन्हा मोजणी होते, बराकी बंद होतात आणि रात्रीची गस्त सुरू होते. या चक्राला रविवार नाही, दिवाळी नाही आणि गणपतीही नाहीत.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बराकींमध्ये वावरणाऱ्या रक्षकाजवळ सामान्यतः बंदूक नसते, कारण ती हिसकावली जाण्याचा धोका असतो. शेकडो बंद्यांमध्ये तो जवळजवळ रिकाम्या हाताने फिरत असतो. त्याची खरी संरक्षक साधने तीन : निरीक्षण, माणसांची ओळख आणि संयमाने बोलण्याची हातोटी. थकवा आणि ताण यांचा आघात नेमका या तिन्हींवर होतो.

झोप अपुरी पडते तेव्हा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून महत्त्वाच्या खुणा निसटू लागल्या. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांनी एक घड्याळ तयार केले. त्याचा काटा ठराविक टप्प्याने पुढे सरके आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी टिपणे एवढेच काम होते. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढू लागतात, असे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातून दिसून आले. काही घडत नसताना सतत लक्ष ठेवणे हे मानवी मेंदूला अतिशय जड जाणारे काम आहे, हा त्याचा अर्थ. रात्रीचा पहारा हे असेच काम होय.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी जागरणाची तुलना मद्याच्या परिणामाशी केली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी घसरते. २४ तासांनंतर ती ०.१० टक्के मद्यांशाच्या पातळीला जाते, असे त्यांना आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ०.०३ टक्के, मद्यांश चालतो. पहाटे पाचला उठून दिवसाची कामे उरकलेला आणि मनुष्यबळ अपुरे म्हणून रात्रीच्या पहाऱ्यासाठी थांबवून घेतलेला रक्षक रात्री दहा वाजताच या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती आपण कारागृहाच्या किल्ल्या कधीच देणार नाही. परंतु जागरणाला वास येत नाही, म्हणून ते हजेरीच्या वेळी लक्षात येत नाही.

यापेक्षाही घातक म्हणजे साठत जाणारे झोपेचे ऋण. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्या व्यक्तींचे लक्ष, दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतके ढासळू शकते, असे त्यात दिसले. गंभीर गोष्ट ही, की त्या व्यक्तींना स्वतःला आपण फार थकलो आहोत असे वाटत नव्हते. ‘मला सवय झाली आहे’ हे जुन्या कर्मचाऱ्याचे नेहमीचे वाक्य प्रामाणिक असते. पण ते विसंबण्याजोगे असतेच असे नाही.

शरीराचे घड्याळही येथे विचारात घ्यावे लागते. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान आणि सावधपणा नीचांकावर असतो. डोळे उघडे असतानाही काही सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचे माणसाच्या लक्षातही येत नाही. दिवसा घेतलेली झोप रात्रीची भरपाई पूर्णपणे करू शकत नाही. वसाहतीतील लहान घर, मुलांची शाळा, रस्त्यावरचा गोंगाट यांमुळे ती तुटक होते. भोपाळच्या मध्यवर्ती कारागृहातून आठ बंदी पळाले आणि पहाऱ्यावरील एका रक्षकाचा खून झाला, ती ३१ ऑक्टोबर २०१६ ची घटना दिवाळीच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर घडली. अशा घटनेची कारणे अनेक असतात आणि ती सारी थकव्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तथापि सणाची रात्र आणि पहाटेपूर्वीचे तास हे पहाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळे असतात, ही गोष्ट बंद्यांनाही कळते. पहारेकरी बंद्यांचे निरीक्षण करतो, तसे बंदीही पहारेकऱ्याचे निरीक्षण करीत असतात.

ताणाचे दोन चेहरे

थकवा विश्रांतीने जातो. ताण मात्र घरीही सोबत येतो. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ पासून मांडलेल्या विचारानुसार, संकटाची चाहूल लागताच शरीर प्रथम इशारा देते, मग प्रतिकारासाठी सज्ज राहते आणि ही सज्जता फार काळ टिकवावी लागली तर अखेर त्याची शक्ती क्षीण होते. कारागृहातील रक्षकाची अवस्था अशीच असते. कित्येक दिवस काहीच घडत नाही, परंतु कोणत्याही क्षणी काहीही घडू शकते. त्यामुळे शरीर सज्जतेतून पुरते बाहेर पडत नाही. रक्तदाब, पित्त, मधुमेह, निद्रानाश आणि व्यसने यांना येथून वाट मिळते. बंद्याची आत्महत्या किंवा मारामारी प्रत्यक्ष पाहावी लागली तर ते दृश्य दीर्घकाळ मनात घर करून राहते.

अशा ताणाखालील माणूस दोनपैकी एका दिशेने झुकतो. काही जण अतिसंशयी होतात. साध्या प्रश्नात त्यांना उद्धटपणा दिसतो, आवाज चढतो, हात उगारला जातो आणि दोन वाक्यांनी मिटला असता असा प्रसंग दंगलीपर्यंत जातो. काही जण उलट बधिर होतात. बंद्याचे अबोल होणे, गटांची नवी जुळवाजुळव, औषधांचा साठा करणे या खुणा त्यांना दिसतात, पण त्यांचा अर्थ मनापर्यंत पोहोचत नाही. पहिल्या प्रकारात बंद्याच्या मानवी हक्कांवर घाला येतो, दुसऱ्यात सर्वांच्याच जिवाला अपाय संभवतो.

याखेरीज आणखी एक हळूहळू होणारी झीज आहे. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या एका कारागृहाचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स यांनी १९५८ साली असे दाखविले, की रक्षकाची सत्ता कागदावर संपूर्ण असली तरी रोजचे काम निर्विघ्न पार पडावे म्हणून तो बंद्यांवर अवलंबून राहू लागतो. लहानशी सवलत, डोळेझाक, आपले एखादे काम बंद्याकडून करवून घेणे अशा पायऱ्यांनी नियम सैल होत जातात. दमलेल्या माणसाला या पायऱ्या अधिक लवकर उतराव्याशा वाटतात. झडती अर्धवट होते, मोजणी अंदाजाने होते, नोंदवहीत फेरी न मारताच वेळ लिहिली जाते. यामागे दरवेळी अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. अनेकदा पाय चालत नाहीत, एवढेच कारण असते.

मनुष्यबळाचे गणित

या प्रश्नाचे मूळ व्यक्तीच्या दुबळेपणात न शोधता गणितात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. वर्षाचे तास ८,७६०. पहाऱ्याचे एक ठिकाण वर्षभर अहोरात्र चालवायचे तर एवढे तास भरले पाहिजेत. एका रक्षकाचे वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्या आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण यांचे मिळून सुमारे ४० दिवस वजा केले, तर कामाचे २७३ दिवस उरतात. रोज आठ तासांप्रमाणे हे २,१८४ तास होतात. म्हणजे एका ठिकाणासाठी चार माणसे लागतात. तीन पाळ्यांसाठी तीन माणसे, हा वरवर बरोबर दिसणारा हिशेब येथेच चुकतो. तीनच माणसे दिली, तर प्रत्येकाला वर्षाचे ३६५ दिवस काम करावे लागेल.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने तत्त्वतः दर सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा असे म्हटले आहे. ६०० बंद्यांची क्षमता असलेले एक कारागृह कल्पू या. तेथे १०० रक्षक असतील आणि वरील हिशेबाने कोणत्याही वेळी २५ जण प्रत्यक्ष पहाऱ्यावर राहतील. म्हणजे सर्व पदे भरलेली असतानाही एका रक्षकामागे २४ बंदी असतात. आता वस्तुस्थितीकडे वळू. २०२२ अखेर देशातील कारागृहांची क्षमता सुमारे ४ लाख ३६ हजार होती आणि प्रत्यक्ष बंदी ५ लाख ७३ हजारांहून अधिक होते. महाराष्ट्रात तर बंद्यांची संख्या क्षमतेच्या दीडपटीहून जास्त होती. देशभरात कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांपैकी सुमारे ३० टक्के पदे रिक्त होती. हीच देशपातळीवरील प्रमाणे आपल्या कल्पित कारागृहाला लावली, तर तेथे ७० रक्षक आणि सुमारे ७९० बंदी असतील. पंचवीसही ठिकाणे चालू ठेवायची तर प्रत्येकाला वर्षाकाठी सुमारे ३,१३० तास काम पडेल. सुट्या आणि रजा कायम ठेवल्या तर हे रोजचे साडेअकरा तास होतात. सुटी अजिबात दिली नाही, तरी रोज साडेआठ तासांहून अधिक. तास वाढवायचे नाहीत असे ठरविले, तर १७-१८ जणच पहाऱ्यावर राहतील आणि एकामागे सुमारे ४५ बंदी येतील. दमलेला रक्षक किंवा रिकामी जागा, एवढाच पर्याय अधीक्षकापुढे उरतो. ही निवड कोणीही केली तरी ती चुकीचीच ठरणार आहे.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये हजारो कारागृह रक्षकांनी अचानक काम बंद केले. सक्तीचा जादा कामाचा बोजा आणि २४-२४ तास चालणारी पाळी ही त्यांची प्रमुख तक्रार होती. राज्य सरकारला कारागृहांत नॅशनल गार्ड हे राखीव सैन्यदल उतरवावे लागले. तीन आठवड्यांनी संप मिटला. परंतु दोन हजारांहून अधिक रक्षक सेवेतून कमी करण्यात आले आणि मनुष्यबळाची टंचाई अधिकच वाढली. विश्रांतीचा प्रश्न टाळल्यास त्याची किंमत पुढे किती पटींनी द्यावी लागते, याचे हे उदाहरण आहे.

नियमांची दिशा

आपल्या कारागृह कारभाराचा पाया १८९४ च्या कायद्याने घातला. लेखी परवानगीवाचून तुरुंगाधिकाऱ्याने रात्री कारागृहाबाहेर राहू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. त्याच्या हजेरीची चिंता त्या कायद्याने वाहिली. विश्रांतीची चिंता त्या काळी कोणाला सुचली नव्हती. कारखान्यातील कामगारासाठी मात्र १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी घालून दिली. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीने १९८० ते १९८३ या काळात या क्षेत्राचा सर्वांगीण अभ्यास केला आणि कारागृहांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी अशी शिफारस केली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतही, कामाचे कष्टप्रद स्वरूप ध्यानात घेऊन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती अनुकूल असाव्यात असे म्हटले आहे. बंद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून तयार झालेल्या या नियमांनी रक्षकाच्या सेवाशर्तींचा विचार करावा, यातच त्या दोहोंचा परस्परसंबंध स्पष्ट होतो.

करता येण्याजोगे उपाय

रिक्त पदे भरणे आणि रजेसाठी राखीव मनुष्यबळ मंजूर करणे हा मुख्य उपाय होय. त्याला वेळ लागतो. दरम्यान कारागृह पातळीवर, फारसा खर्च न करता, काही गोष्टी करता येतात. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने बदलाव्यात. शरीराला तो क्रम अधिक सोसतो. सलग रात्रपाळ्यांची संख्या मर्यादित असावी. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांचे अंतर असावे; युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशानुसार रोजच्या सलग विश्रांतीची हीच किमान मर्यादा ठरविली आहे. मोजणी, झडती, किल्ल्यांची देवघेव अशी चुकीला जागा न ठेवणारी कामे पाळीच्या अखेरच्या तासात शक्यतो ठेवू नयेत. पहाटे तीन ते पाच या वेळात एकट्या माणसाऐवजी जोडीने गस्त घालावी. पाळी बदलताना पंधरा मिनिटे दोन्ही तुकड्या एकत्र असाव्यात, म्हणजे बराकीतील बदललेले वातावरण नव्या रक्षकास तोंडी सांगता येते.

गंभीर प्रसंगानंतर संबंधित कर्मचाऱ्यास तात्काळ त्या जागेवरून मोकळे करणे, त्याची वैद्यकीय तपासणी करणे आणि वरिष्ठाने त्याची आपुलकीने विचारपूस करणे अगत्याचे आहे. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. मदत मागणे म्हणजे दुबळेपणा, ही वर्दीधारी सेवांतील जुनी समजूत दूर करण्याचे काम मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच करावे लागेल. जो अधिकारी स्वतः वेळेवर रजा घेतो आणि हाताखालच्या माणसाला घेऊ देतो, त्याच्या उदाहरणाने ही समजूत लवकर जाईल.

गर्दी कमी होणे हाही विश्रांतीचाच उपाय आहे. २०२२ अखेर देशातील बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के बंदी न्यायाधीन, म्हणजे खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ अन्वये, काही अपवाद वगळता, प्रथमच आरोपी झालेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ कोठडीत काढला असल्यास त्याला बंधपत्रावर मुक्त करण्याची तरतूद आहे. अन्य आरोपींसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नसलेल्या गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची साहाय्य योजनाही आहे.

खुल्या वसाहतींचा अनुभवही येथे आठवण्याजोगा आहे. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ साली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे निवडक बंद्यांना तटाविना शेतीवर ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामुळे तो देशभर परिचित झाला. विश्वासास पात्र बंद्यांना खुल्या कारागृहात पाठविले तर त्यांचे पुनर्वसन साधते आणि बंद कारागृहातील पहाऱ्यावरचा भारही हलका होतो.

आपला वाटा

या प्रश्नाचा आपल्याशी काय संबंध, असे पंचायत सदस्यांना किंवा शिक्षकांना वाटणे शक्य आहे. परंतु कारागृहातील बंदी आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे रक्षक, दोघेही पुष्कळदा आपल्याच गावांतून गेलेले असतात. जामीनदार न मिळाल्याने अडकून पडलेला तरुण गावात कोणाचा आहे हे पंचायत सदस्यास ठाऊक असते. विधी सेवा प्राधिकरणापर्यंत त्या कुटुंबास पोहोचविणे हे त्याला सहज करता येण्याजोगे काम आहे. संचित रजा अथवा अभिवचन रजेच्या चौकशीत गावाकडून खरी आणि वेळेवर माहिती गेली, तर कारागृहातील अस्वस्थता तेवढी कमी होते. कारागृह वसाहतीतील मुलांच्या शिक्षकास, वर्गात पेंगणाऱ्या किंवा एकाएकी चिडखोर झालेल्या मुलामागे घरातील रात्रपाळी असू शकते, हे ओळखता येईल. आणि कारागृहास भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी व अभ्यागतांनी स्वयंपाकघर, रुग्णालय आणि बराकी पाहून झाल्यावर हजेरीपटही मागवून पाहावा. गेल्या महिन्यात किती रक्षकांना साप्ताहिक सुटी मिळाली, एवढा एकच प्रश्न विचारला, तरी त्या कारागृहाच्या सुरक्षेची बरीचशी कल्पना येईल.

तटाला तडा गेला तर बांधकाम विभागास तातडीने पत्र जाते. पहाऱ्यावरील माणसाला पडलेला तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे पत्र निघत नाही. विश्रांतीचे तास हे सवलत म्हणून न मोजता, कुलूप आणि तट यांच्याप्रमाणेच सुरक्षेचे साधन म्हणून मोजले गेले, तर हा तडा वेळीच दिसू लागेल.